आठवी ब आणि नीलाची वही

महाल, नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

नीला,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तू ओळखलंच असशील. तरी उघडलंस, म्हणजे राग गेलेला नसला तरी पत्र निदान केरात गेलं नाही. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलंय, तेव्हा पोस्टाशिवाय इलाज नाही. अठरा वर्षं एका स्कुटीवर बसून शाळेत गेलेल्या दोन बायांवर ही पाळी यावी म्हणजे कमाल आहे.

कामाचं लिहिते. दिवाळीनंतर आठवी ब माझ्याकडे आली. म्हणजे तुझीच सातवी ब, एक वर्षानं उंच झालेली. तू जूनमध्ये कुहीच्या शाखेत गेलीस, तेव्हा त्यांना गणिताला तासिकेवरची एक पोरगी मिळाली होती. ती दिवाळीला गावी गेली ती गेलीच. मी पहिल्या सत्राचे मार्क पाहिले आणि हात टेकले. एकतीस पोरं, त्यातली एकोणीस नापास. आता आठवीला वार्षिक परीक्षेत गेलं की फेरपरीक्षा, आणि त्यातही गेलं की पुन्हा त्याच बाकावर. मुख्याध्यापक शालिकराम सर म्हणाले, "प्रेमलताबाई, तुमचा वचक आहे, तुम्हीच सांभाळा." वचक आहे, ते खरं. मी वर्गात गेले की पंख्याची कुरकुर ऐकू येते. पण पंखा ऐकून कोणाला अवयव पाडता येत नाहीत, हे मला आता दिसून राहिलं आहे.

म्हणून तुझं कपाट उघडलं. किल्ली शिपाई नत्थूजींनी दिली, पण सुखानं नाही. "नीला म्याडमच्या सामानाले हात लावून राहिल्या तुमी, इचारलं का त्याइले?" मी म्हटलं, पत्र लिहून विचारते. तर हे विचारणं समज.

आत तुझी वही सापडली. एका ओळीत एक पोर. "९ – बोलून, दुसऱ्याला समजावायला लावा. ११ – चित्र. खडू हातात द्या. १३ – चालून, मोजून. १७ – गाणं, ठेका. १९ – हात. कापू द्या, जोडू द्या." नाव एकाचंही नाही, नुसते हजेरी नंबर. वही भलत्याच्या हाती पडली तरी कोणाचं काय ते कळू नये, म्हणून तू तसं लिहायचीस.

तू त्या प्रशिक्षणाहून आलीस आणि स्टाफरूममध्ये सांगायला लागलीस, की प्रत्येक पोराची बुद्धी वेगळ्या जातीची असते, शिकवणं तसं वळवावं लागतं, तेव्हा मी म्हटलं होतं, "गणिताची बुद्धी एकच असते, ती असते नाहीतर नसते." सगळे हसले होते. तू तेवढी हसली नव्हतीस. आता तीच वही घेऊन मी वर्गात चालले आहे, तर हसून घे.

आणि ते दुसरं. तुझ्या सेवापुस्तकात "वर्गावर नियंत्रण नाही" असा जो शेरा आहे, तो माझ्या लेखी तक्रारीमुळे लागला. त्यामुळेच तुझी बदली झाली, आणि तो निघाल्याशिवाय संस्था तुला महालात परत घेणार नाही. तक्रार मी मागे घेईन. जरा सवड मिळू दे.

प्रेमलता


१२ डिसेंबर

नीला,

तुझं उत्तर नाही. असो. मी लिहीत राहणार, तुझ्या कुहीच्या पोस्टमनचे पाय मोकळे होतील.

तुझ्या वहीनं माझी पुरती दशा केली आहे. सतरा नंबर म्हणजे विक्की. त्याच्यासमोर तू लिहिलंय गाणं. नीला, त्या पोराचा आवाज आत्ताच फुटला आहे, एक शब्द खाली आणि एक छताला. मी तीन दिवस नुसती कान देऊन त्याच्या बाकाजवळून फिरत होते, की ह्याच्यात गाणं आहे तरी कुठं. चौथ्या दिवशी म्हटलं, "विक्की, घनाचं विस्तारसूत्र म्हणून दाखव, पण चालीवर." तो म्हणाला, "म्याडम, मी? गाणं? कायले इज्जत काढता माही?" मी म्हटलं, तुझ्या आवाजात काहीतरी आहे. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, बाकावर मारबतीच्या मिरवणुकीतला ठेका धरला आणि सुरू झाला. ए घन, अधिक तीन ए वर्ग बी. इतकं बेसूर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. सगळा वर्ग बाकं बडवत त्याच्या मागे. नत्थूजी धावत आले, की बाप्पा, मारामारी झाली की काय.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर सूत्र एकवीस पोरांना पाठ.

अकरा नंबर भावना. वहीत बघून "अकरा नंबर, चित्र" अशी हाक मारली, तर ती फळ्याकडे यायला तयारच नव्हती. मी तिच्या हातात खडू कोंबला आणि पाण्याची टाकी काढायला लावली. तिनं जे काढलं ते आधी मला गादी वाटलं. पण त्या गादीची लांबी, रुंदी, उंची तिनं स्वतः लिहिली आणि घनफळ बरोबर आलं. नऊ नंबरची वेदिका, जी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते, तिला मी मागच्या बाकावरच्या चौघांना समजवायला बसवलं. पहिला आठवडा ती त्यांच्याकडे आणि ते तिच्याकडे बघत राहिले. आता कुजबुजते तरी.

गोंगाट होतो. होतो म्हणजे काय, शाळा डोक्यावर घेतात. शेजारच्या वर्गातून देवपुजारी सर दोनदा येऊन गेले. तुझ्या वेळी शेजारच्या वर्गात मी होते, आणि मी दोनदा येऊन थांबले नाही, अर्ज लिहिला. पण गोंगाट होता, हे तर तू पण मान्य करशील.

प्रेमलता


२० जानेवारी २०२५

नीला,

चाचणी झाली. एकोणीसचे सहा झाले. मी पेपर दोनदा तपासले, मग देवपुजारी सरांकडून तपासून घेतले, मार्क वाढवले असं कोणी म्हणायला नको म्हणून.

आता जे लिहायचं ते लिहायला चार दिवस लावले आहेत.

शालिकराम सर आठवडाभर खिडकीशी उभे राहून माझा तास पाहत होते. मग मला बोलावलं. बावीस फेब्रुवारीला संस्थेचं शिक्षक संमेलन यंदा आपल्या शाळेत आहे. खापरखेड्याचे शिक्षक येणार, कुहीचे येणार, म्हणजे तूही येणार. त्यात माझा आठवी बवर जाहीर पाठ ठेवला आहे. पत्रिका छापून आल्या. त्यावर आहे, "प्रेमलताबाईंची अध्यापन पद्धती". चांगला ठरला तर जूनपासून तिन्ही शाळांत हीच पद्धत आणि मी मार्गदर्शक.

मी सांगणार होते की वही तुझी आहे. अगदी तोंडावर आलं होतं. तेवढ्यात चहा आला, आणि राहून गेलं.

हे तुला पटणार नाही, मलाही पटलेलं नाही. खरं सांगते, मला आवडलं. एकतीस वर्षांत माझ्याबद्दल लोक वचक सोडून दुसरं काही बोलले नव्हते. घरी जाताना पत्रिका पर्समध्ये घालून घेऊन गेले, आणि वसंतरावांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "ही पद्धत तं नीलाची होती ना?" नवऱ्याला नको तेव्हा सगळं आठवतं.

तक्रारीचंही सांगते. ती मी आपणहून लिहिली नव्हती, सरांनी मागितली होती, "लेखी द्या, म्हणजे कार्यवाही करता येईल" म्हणाले. मी फक्त दिली. संमेलन झालं की मागे घेते.

प्रेमलता


९ फेब्रुवारी

नीला,

माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे. तू हसणार हे मला इथूनच दिसतं.

काल मधल्या सुट्टीत भावना आली. हातात खडू. "म्याडम, एक सांगू का? रागवाल नाही?" मी म्हटलं सांग. "चित्राचा नंबर माहा नाही. मागच्या वर्षी अकरा नंबर वेदिका होती. नीला म्याडम तिलेच फळ्यावर बोलवत. मी तं तेरा होती."

मी हजेरीपट काढला, मागच्या वर्षीचाही मागवला. यादीतल्या पहिल्या दोन मुली जूनमध्ये दाखला घेऊन गेल्या, आणि अख्खा वर्ग दोन दोन नंबरांनी वर सरकला. एकतीस वर्षं दर जूनला मी स्वतः हे नंबर बदलते, नीला. आणि तीन महिने जुनी वही नव्या हजेरीला लावून शिकवत होते. गाणं विक्कीचं नाहीच, त्याच्यासमोर तू लिहिलं होतं हात. चित्र वेदिकाचं. तिला मी भाषणं करायला बसवलं. एकाही पोराला मी त्याची बुद्धी दिली नाही. प्रत्येकाला दुसऱ्याची दिली.

मी भावनाला विचारलं, "तीन महिने बोलली काहून नाहीस?" ती म्हणाली, "तुमी पहिल्यांदाच माह्या हाती खडू देल्ला. मंग वापस कायले करू?"

मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. मग डोक्यात हेच फिरत राहिलं, की चुकीचं शिकवलं तर ही पोरं पास कशी झाली? तू म्हणायचीस ते खोटं? की नुसतं "ह्याच्यात गाणं आहे" असं वाचल्यामुळे मी तीन दिवस विक्कीकडे पाहत राहिले, तेवढ्यानंच त्याचं काम झालं? इतक्या वर्षांत मी मागच्या बाकावरच्या एका तरी पोराकडे एवढा वेळ पाहिलं असेल असं मला आठवत नाही. ह्याची मला लाज वाटते, तुला सांगायला हरकत नाही.

पण थांब. काल शेवटच्या तासाला मी विक्कीला पुठ्ठा, कात्री आणि डिंक दिला. म्हटलं, ए अधिक बी बाजूचा घन बनव आणि तो कापून दाखव. त्यानं एका तासात आठ तुकडे केले. एक मोठा घन, एक छोटा, आणि मधले तीन आणि तीन. ते मधले तीन हातात घेऊन तो गपकन बसला. "म्याडम, तो तीन इथून येते होय?" तीन महिने ठेक्यावर तीन ए वर्ग बी म्हणत होता, तो तीन कुठून येतो हे त्याला माहीतच नव्हतं. तुझी वही खरी आहे, नीला. पाहिलं होतंस तू त्याला.

शालिकराम सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन नंबरांचा तं फरक आहे, बाई. सभागृहात कोणाले कळते?" मी म्हटलं, एका बाईला कळतं. ती कुहीहून येणार आहे.

संमेलनाला तेरा दिवस आहेत. सगळं सांगितलं तर माझी पद्धत गेली, मार्गदर्शकपद गेलं, आणि सगळ्या संस्थेसमोर हसं. नाही सांगितलं तर तुझा शेरा तसाच. तू येच. मी काय करते ते माझं मलाच अजून माहीत नाही.

प्रेमलता


२३ फेब्रुवारी

नीला,

तू तिसऱ्या ओळीत बसली होतीस, पर्स मांडीवर धरून, जसं बसमध्ये बसतात. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी मात्र पाठभर दुसरं काही पाहिलं नाही.

जे तू ऐकलंस तेच पुन्हा लिहीत नाही. फक्त एवढं, की मी ते ठरवून गेले नव्हते. विक्कीनं ठेका धरला, पोरं सुटली, संस्थेचे सचिव रविंद्रबाबू कानावर हात ठेवून हसत होते, टाळ्या पडल्या, आणि ते माइकवर म्हणाले, "ही प्रेमलताबाईंची कमाल." मी माइक घेतला. वही तुझी आहे हे सांगितलं, नंबर चुकवून शिकवल्याचं सांगितलं, आणि ज्या बाईनं ही वही लिहिली तिच्यावर "वर्गावर नियंत्रण नाही" असा शेरा माझ्या अर्जामुळे आहे हेही सांगितलं. लोक आधी हसले, नंबरांच्या गोष्टीला. मग गप्प झाले. पंखे ऐकू आले, आणि ह्या वेळी मला ते आवडलं नाही.

मग तू उभी राहिलीस. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. तू विचारलंस, "मग आता ह्या मुलाला काय देणार, गाणं की हात?" मी तोंड उघडायच्या आत विक्कीच मधे बोलला, "दोन्ही द्या न म्याडम. कमी काहून करता?"

तू हसलीस. मी पाहिलं. तोंडावर पदर घेतलास तरी पाहिलं.

पत्रिकेच्या पाठीवरच मी तक्रार मागे घेत असल्याचं लिहून सही केली आणि रविंद्रबाबूंच्या हातात दिली. मागे वळते तर तुझी खुर्ची रिकामी. नत्थूजी म्हणाले, "साडेचारच्या बसनं गेल्या त्या. चहा बी नाही घेतला." बोलायचं नव्हतं तर नको बोलूस. पण एक गोष्ट मी माइकवर बोलले नाही. तिथं म्हटलं, माझा गैरसमज झाला होता. गैरसमज झालाच नव्हता.

गोंगाटाचा मला त्रास नव्हता. अर्ज सरांनी मागितला हेही अर्धंच, कारण त्यांच्याकडे आधी मीच गेले होते. खरं असं, की मागच्या वर्षी सातवी बवर माझाही भूमितीचा तास असायचा, तुझ्या आधीचा. मी शिकवत असायची आणि पोरं दाराकडे पाहत असायची. घंटा होऊन तू आत यायचीस तर त्यांची तोंडं उजळायची. मी डस्टर उचलून बाहेर पडायची आणि कोणाच्या लक्षातही यायचं नाही. मी जळले, नीला. तुझ्यावर, माझ्या मैत्रिणीवर. नियंत्रण तुझं नव्हतं, हे मी लिहिलं, आणि माझ्या मनाला ठाऊक होतं की पोरं तुझ्याच हातात होती.

हे सांगितलं. आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही. माफ कर असं लिहिते. करायलाच पाहिजे असं नाही.

प्रेमलता


३ मे

नीला,

निकाल लागला. एकतीसपैकी तीस पास. विक्कीला बावन्न, भावनाला अडतीस. तिनं गुणपत्रिकेवरचा आकडा बोटानं तीनदा पुसून पाहिला, पुसला जातो का म्हणून. वेदिका सत्तर. उरलेला एक आहे, त्याची जूनमध्ये फेरपरीक्षा. तो रोज सकाळी माझ्या घरी येतो आणि आम्ही कूलरसमोर बसून त्याची बुद्धी शोधून राहिलो आहोत. वसंतराव म्हणतात, याची झोपायची बुद्धी आहे. शोधू.

निकालाचा फोटो मी सवयीनं तुला फोनवर पाठवला, आणि बरोबरच्या एका खुणेच्या जागी दोन उमटल्या, म्हणजे ब्लॉक निघाला. मी वसंतरावांना हाका मारल्या, तर ते म्हणाले, काय झालं, कोण गेलं? म्हटलं, कोणी गेलं नाही, कोणी आलं. पंधरा मिनिटांनी तुझा अंगठा आला. एवढाच. बस झालं मला. फोनच करणार होते, पण आता पत्राची सवय लागली आहे, आणि फोनवर मी आधी रडते, मग भांडते.

तुझा शेरा खोडला गेला. शालिकराम सरांनी लाल शाईनं आडवी रेघ मारून सही केली, मी समोर उभी होते. परतीचा आदेश तुला मिळाला असेलच. तिथली पोरं सोडवत नसतील तर तसं लिही, मी काही रागावणार नाही. रागावेन, पण लिही.

मार्गदर्शकपद कोणालाच मिळालं नाही. रविंद्रबाबू म्हणाले, आधी वही नीट लावा, मग बघू.

एक शेवटचं. पुढच्या वर्षीचं टाइमटेबल माझ्याकडेच आहे. काल बसून भरलं. नवी आठवी ब, गणित, रोजचा तिसरा तास. आधी तुझं नाव लिहिलं. मग वाटलं, पुन्हा दार उघडून मी बाहेर पडायची आणि तू आत यायची, तेच. म्हणून त्याच चौकटीत तुझ्या नावाखाली माझंही लिहिलं. शालिकराम सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाई, एका चौकटीत एकच नाव असते. दोन शिक्षक एका वर्गात, हे कोणत्या नियमात बसते?" मी म्हटलं, बसत नाही, सर. ते पेन घेऊन माझं नाव खोडायला निघाले, तर मी कागद ओढून घेतला.

आता तो कागद माझ्या टेबलावर आहे, दोन्ही नावांचा. खोडायचंच असलं, तर जूनमध्ये येऊन तूच खोड.

तुझी
प्रेमलता